मास्तरांच्या गाडीतली चिठ्ठी

बुधवारी सकाळी साडेनऊला डिंकी मास्तरांच्या जुन्या गाडीत डोक्यावरून चादर घेऊन बसली होती. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, बाईला सर्दी झालीय आणि वाफ घेतेय. तिला फक्त अंधार हवा होता. भर दिवसा मीटरचे दिवे लागलेत की नाही ते कळत नाही, म्हणून पुढच्या काचेवर ताडपत्री आणि वर ही चादर. तिने दिव्यांचं बटण ओढलं. पुढचे दिवे भिंतीवर पडले, मागचे लाल दिवे लागले आणि डॅशबोर्ड मात्र ठार काळा राहिला. वेगाचा काटा नाही, पेट्रोलचा काटा नाही, काही म्हणजे काही दिसेना.

"चला," ती चादरीतच म्हणाली, "सुरू झाली एकदाची परीक्षा."

मास्तर शाळेतले नव्हेत. गाड्यांच्या वायरिंगची कामं करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. गाडी दुरुस्त करताना मालकाला शेजारी उभं करून दोष कुठे होता, का होता, हे समजावून सांगायची त्यांना खोड होती. मालकाला घाई असली तरी सुटका नसे. म्हणून ते मास्तर. डिंकी त्यांच्या थोरल्या भावाची मुलगी. अकरा वर्षांपूर्वी दोन महिने काम बघायला म्हणून आली ती गेलीच नाही. डिंकी हे नाव काकूंनी ठेवलेलं. एकदा कामाला चिकटली की जेवायला चार हाका मारल्या तरी सुटत नाही, म्हणून. खालच्या मजल्यावर दोन गाड्या मावतील एवढं वर्कशॉप, वर काका-काकूंचं घर आणि दोन्हींच्या मध्ये लोखंडी जिना. पलीकडच्या गल्लीतली डिंकीची खोली फक्त झोपण्यापुरती होती.

या वर्कशॉपची एक रीत होती. प्रत्येक गाडीच्या जॉब कार्डावर सगळ्यात खाली 'पास' असं लिहिलेली चौकट असे, आणि त्या चौकटीत सही फक्त मास्तरांची. काम कोणीही करो, सहीचा अधिकार मिळवायचा तर परीक्षा द्यावी लागे, तीही मास्तरांच्या स्वतःच्या गाडीवर. आदल्या संध्याकाळी मास्तर गाडीत एक दोष लावून ठेवत. जाड कागदाची करंगळीएवढी पट्टी कापायची, तिच्यावर बारीक अक्षरात वार, तारीख आणि सही घालायची, आणि ती कुठल्या तरी जोडात अशी सरकवायची की वीज तिथेच अडली पाहिजे. सही अशासाठी, की जुन्या गाडीत खरे दोष काय कमी असतात? मुद्दाम लावलेला कोणता आणि वयाने आलेला कोणता, यावर नंतर वाद नको. सकाळपासून जेवणाच्या वेळेपर्यंत दोष शोधायचा, चिठ्ठी मास्तरांच्या हातात द्यायची. हातात फक्त टेस्टिंगचा बल्ब: एक टोकदार सळई, एक वायर, एक चिमटा. अंदाजाने बल्ब बदलायला सक्त मनाई. आणि एका गाडीत एकच चिठ्ठी. "दोन लावल्या तर ती परीक्षा नाही, छळ झाला," असं मास्तर म्हणत.

आजवर दोघं पास झाले होते. दोघांनीही पुढे आपापली दुकानं थाटली. डिंकी त्यांच्याइतकीच तयार होती, खरं तर जास्तच, आणि हे तिला पक्कं माहीत होतं. पण दर वर्षी काका म्हणायचे, "अजून थोडं." अकरा वर्षं तिने गाड्या उघडल्या, जोडल्या, बंद केल्या, आणि प्रत्येक कार्डावर सही काकांची. गिऱ्हाईक यायचं, तिच्या तोंडावर विचारायचं, "मास्तर नाहीत का?" ती तेव्हा हसायची. हसून हसून तिचे गाल दुखायला लागले होते.

म्हणून शनिवारी काका आपणहून म्हणाले, "सोमवारी तुझी परीक्षा घेतो," तेव्हा तिला रात्री नीट झोप लागली नाही. सोमवारी ती अर्धा तास लवकर आली. काकांनी परीक्षेचं नावही काढलं नाही. संध्याकाळी शटर ओढताना मात्र एकदम खुशीत म्हणाले, "उद्या तुझी परीक्षा घेतो. चिठ्ठी लावून ठेवतो." मंगळवारी पुन्हा तेच. दिवसभर अवाक्षर नाही आणि संध्याकाळी तोच खुशीतला आवाज, जणू पहिल्यांदाच सुचतंय, "उद्या परीक्षा, बरं का!"

डिंकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला वाटलं, काका झुलवतायत. मोठ्या रस्त्यावर नवं शोरूम उघडलं होतं आणि त्याच्या मॅनेजरने तिला वायरिंग विभागाची प्रमुख म्हणून बोलावलं होतं. बुधवारी दुपारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. तिने मनाशी ठरवून टाकलं, की बुधवारीही काकांनी टोलवलं तर सरळ हो म्हणायचं. बुधवारी सकाळी तिनेच किल्ली मागितली आणि काका म्हणाले, "हो, हो, कर सुरुवात. मी वर बसतो." परीक्षा चालू असताना मास्तरांनी खाली थांबायचं नाही, हीही रीतच होती.

तर आता चादर बाजूला करून ती कामाला लागली. मागचे दिवे लागतायत, म्हणजे बटण ठीक आणि बटणापर्यंत वीज ठीक. दोष पुढे कुठे तरी आहे. ती पायापाशी वाकली, फ्यूजच्या डबीचं झाकण काढलं. चिमटा गाडीच्या पत्र्याला लावला आणि सळई मीटरचा फ्यूज धरून ठेवणाऱ्या एका पितळी पट्टीला टेकवली. बल्ब लागला. दुसऱ्या पट्टीला टेकवली. बल्ब लागला नाही. फ्यूज बाहेर काढून उजेडात धरला, तर आतली तार शाबूत. मग तिने ती दुसरी पट्टी नखाने उचकटली, आणि तिच्याखालून दुमडलेली कागदाची पट्टी निघाली. काकांचं बारीक अक्षर, काकांची सही.

घड्याळात पावणेदहा. इतकं सोपं? तिला जरा अपमानच वाटला. अकरा वर्षं थांबवलं आणि लावून लावून फ्यूजखाली चिठ्ठी लावली! हे तर ती पहिल्या महिन्यात शिकली होती. तिने चिठ्ठी न वाचताच खिशात टाकली, फ्यूज बसवला, चादर डोक्यावर घेतली आणि बटण ओढलं.

अंधार.

तिने बटण पुन्हा आत-बाहेर केलं. फ्यूज पुन्हा दाबला. आता फ्यूजच्या दोन्ही पट्ट्यांना वीज येत होती, पण मीटर काळाच. जुनी गाडी, असेल एखादा खरा दोष, असं म्हणून ती पुढे सरकली. वीज फ्यूजमधून मीटरचे दिवे मंद-प्रखर करायच्या चकतीकडे जाते. कधी कधी ही चकती कोणाचा तरी गुडघा लागून खाली फिरलेली असते आणि मालक बिचारा गाडी घेऊन गावभर फिरतो. डिंकीने ती वरपर्यंत फिरवली. काही नाही. चकतीमागचा जोड काढून सळई लावली. वीज येतेय. बाहेर मात्र जात नाही. जोडाच्या दुसऱ्या पिनेवर कागद होता.

तिने तो चिमट्याने ओढून काढला. काकांचीच सही.

आता मात्र ती गाडीतून बाहेरच आली. दोन चिठ्ठ्या! एका गाडीत एकच, असं ज्यांनी आयुष्यभर सांगितलं त्यांनीच दोन लावल्या. पहिली सोपी, म्हणजे पोरगी नाचत वर येईल, आणि मग चादरीखाली बसून काका म्हणणार, "दिवे कुठे लागलेत? नापास." तिला सगळं लख्ख दिसायला लागलं. काकांना तिला सही द्यायचीच नव्हती. तिच्यासारखं फुकटात राबणारं, घरचं, न कुरकुरणारं माणूस कोण सोडेल? तिने हात पुसले, फोन काढला, शोरूमच्या मॅनेजरचा नंबर शोधला. अंगठा बटणावर नेला.

पण ती डिंकी होती. डॅशबोर्ड अजून काळा होता, आणि अर्धवट सोडलेलं काम तिला घशात अडकलेल्या घासासारखं वाटे. तिने फोन खिशात टाकला. आधी दिवे लावायचे, मग दोन्ही चिठ्ठ्या काकांच्या पुढ्यात टाकायच्या, मग जायचं. या क्रमात तिला फार समाधान वाटलं.

पुढचं काम किचकट होतं. मीटरची अख्खी पेटी बाहेर काढायची. वरच्या झाकणाच्या चार स्क्रूंपैकी एक जागेवरच नव्हता आणि तो पायाखालच्या रबरावर सापडला. दुसरा तिरका आवळलेला. काका असं कधी करत नसत. तिने तेव्हा त्याचा विचार केला नाही, नुसती चरफडली. मागे हात घालून वेगाच्या काट्याची केबल सोडवली, पेटी पुढे ओढून पालथी केली. दिव्यांचे चार होल्डर. चारहींपर्यंत वीज पोचत होती. चारही बल्ब एकदम जात नाहीत. म्हणजे वीज येतेय, पण परत जायला वाट नाही. तिने टेस्टिंगच्या बल्बचा चिमटा आता बॅटरीच्या प्लसला लावला आणि सळई काळ्या वायरीच्या टोकाला टेकवली, जी वायर डॅशबोर्डच्या मागे आत खोल गाडीच्या पत्र्याला स्क्रूने बसवलेली असते. बल्ब लागला नाही. पत्र्यालाच टेकवली, लागला. तिने खांद्यापर्यंत हात आत घालून, मान वाकडी करून, गाल स्टिअरिंगला दाबून तो स्क्रू सोडवला. वायर आणि पत्रा यांच्यामध्ये कागद. स्क्रूच्याही भोवती कागदाचं नीट गुंडाळलेलं वेष्टण. अशी बारीक हुशारी एकट्या काकांनाच सुचू शकत होती.

साडेअकरा झाले होते. तिसरी चिठ्ठी तिने उलगडली आणि या वेळी वाचली. रविवार, बारा तारीख.

तिला काही कळेना. तिने खिशातल्या दोन्ही काढल्या आणि तिन्ही शेजारच्या सीटवर ओळीने ठेवल्या. रविवार, बारा. सोमवार, तेरा. मंगळवार, चौदा. तिन्हींवर तीच नेटकी सही, खाली तीच छोटीशी रेघ.

डिंकीने तिन्ही वार पुन्हा एकदा वाचले. काकांनी तीन चिठ्ठ्या लावल्या नव्हत्या. त्यांनी एक चिठ्ठी तीनदा लावली होती. रविवारी लावली आणि विसरले. सोमवारी संध्याकाळी त्यांना सुचलं की पोरीची परीक्षा घ्यावी, ते खूश झाले, खाली आले, चिठ्ठी लावली आणि विसरले. मंगळवारी पुन्हा तसंच सुचलं, आणि पुन्हा तितकेच खूश झाले. तिला झुलवत नव्हते. प्रत्येक वेळी ते पहिल्यांदाच सांगत होते.

मग एकेक आठवायला लागलं. गेल्या महिन्यात एकाच गिऱ्हाइकाला त्यांनी दोनदा फोन केला होता आणि डिंकी हसली होती. परवा पक्कड हातात असताना पक्कड शोधत होते, तेव्हाही हसली होती. चष्मा कोण विसरत नाही, नावं कोण विसरत नाही, वय झालं की चालायचंच, असं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. आणि चिठ्ठ्यांच्या जागा बघा. रविवारची पार आत पत्र्याजवळ, सोमवारची चकतीच्या जोडात, मंगळवारची फ्यूजखाली. चाळीस वर्षांचा हात तीन दिवसांत सोप्याकडे आला होता. तासाभरापूर्वी आपण याच माणसाला मनातल्या मनात काय काय म्हणालो, ते आठवून तिला स्वतःची लाज वाटली. ती स्टिअरिंगवर डोकं ठेवून थोडी रडली.

तेवढ्यात फोन वाजला. शोरूमचा मॅनेजर होता.

"नाही जमणार," ती म्हणाली.

"अहो, पण कारण तरी सांगा."

"इथलं काम वाढलंय."

तिने काळी वायर नीट आवळली, पेटी जागेवर बसवली, केबल जोडली, चारही स्क्रू सरळ बसवले. चादर घेतली, बटण ओढलं. हिरवट, जरासा पिवळट उजेड हळूच सगळ्या मीटरवर पसरला. तिला आनंद झाला नाही. आता खरी पंचाईत पुढे होती. रीतीप्रमाणे चिठ्ठी काकांच्या हातात द्यायची होती. तिन्ही दिल्या, तर ती पास, पण काकांना कळणार की त्यांचं डोकं दगा देतंय. एकच दिली, तर ती कोणती? काकांना जी आठवत असेल तीच द्यायला हवी, नाही तर ते म्हणतील, ही माझी नव्हे. विसरणाऱ्या माणसाला कालचं आठवतं की परवाचं, हे कोणी तिला शिकवलं नव्हतं. टेस्टिंगचा बल्ब लावून हे बघता आलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. शेवटी तिने कालची, मंगळवारची निवडली. बाकीच्या दोन घडी घालून खिशात खोल कोंबल्या. काकांना दुखवायचं नाही, एवढं तिने नक्की केलं, आणि नक्की केल्यावर तिला आपण फार चांगलं वागतोय असं वाटलं.

"काका, झालं!" तिने जिन्याखालून हाक मारली.

मास्तर एकेक पायरी उतरत आले. काकूही मागोमाग दोन पायऱ्या आल्या, तिथेच कठड्याला धरून थांबल्या. त्यांनी डिंकीकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. मास्तर गाडीत बसले, चष्मा सारखा केला आणि डोक्यावरून चादर ओढून घेतली. बटणाचा आवाज झाला.

"लागले," चादरीतून आवाज आला.

"हो."

"चिठ्ठी?"

चादरीच्या कडेखालून हात बाहेर आला. डिंकीने त्यावर मंगळवारची चिठ्ठी ठेवली. हात आत गेला. मीटरच्या त्याच उजेडात ते वाचत असणार.

"फ्यूजखाली होती," मास्तर म्हणाले.

"हो, फ्यूजखाली." तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. बरोबर निवडली होती.

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या कुठल्या?"

"डिंकी," चादर म्हणाली, "किती सापडल्या?"

तिचा हात खिशातल्या चिठ्ठ्यांवर गेला. चादर हलत नव्हती. तिला कळलं, की काका मुद्दाम बाहेर येत नाहीयेत. हे समोरासमोर विचारणं त्यांना जमत नव्हतं.

"किती लावल्या ते मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "काल चिठ्ठी लावून वर गेलो. काकूला म्हटलं, उद्या पोरीची परीक्षा. ती म्हणाली, अहो, हे तुम्ही तिसऱ्यांदा सांगताय. मला वाटलं थट्टा करतेय. मग तिचा चेहरा बघितला. परत खाली आलो, म्हटलं, आधीच्या असतील तर काढून टाकू. दीड तास शोधलं. माझ्या हाताने लावलेल्या चिठ्ठ्या, मला सापडेनात. डॅशबोर्डचं झाकण उघडलं आणि कुठला स्क्रू कुठला ते मला कळेना. मला भीती वाटली गं. कसंबसं लावलं आणि वर गेलो."

जिन्यावर काकूंनी पदर तोंडाला लावला. डिंकीने खिशातून दोन्ही चिठ्ठ्या काढल्या आणि चादरीखाली दिल्या.

"तीन," ती म्हणाली. "रविवारची अर्थिंगला, आत, पत्र्याजवळ. सोमवारची चकतीच्या जोडात."

"रविवारची आत होती? बऱ्यापैकी लावली होती म्हणायची."

"तिला सगळ्यात जास्त वेळ लागला."

मास्तरांनी चादर काढली. केस विस्कटले होते, डोळे लाल होते. ते गाडीतून उतरले आणि तिच्यासमोर उभे राहिले.

"शोधण्यात पास," ते म्हणाले. "एक सापडली की माणसं थांबतात. तू थांबली नाहीस. सांगण्यात नापास."

"काका, तुम्हाला वाईट वाटलं असतं म्हणून—"

"वाटलंच. मग?"

डिंकी चादरीची घडी घालू लागली.

"वाईट वाटेल म्हणून तू आज लपवलंस. उद्या मी ब्रेकची वायर उलटी जोडीन, तेव्हाही लपवशील. मागून गुपचूप दुरुस्त करशील. आणि एक दिवस तू नसशील, ताप येऊन घरी पडली असशील, तेव्हा गाडी तशीच जाईल. कोणाचा तरी जीव जाईल तिच्यात आणि कार्डावर सही माझी असेल." ते बोलता बोलता थांबले, श्वास घेतला. "मला गोड बोलणारं माणूस नकोय. ते वर आहे एक."

"मी गोड बोलते?" काकू जिन्यावरून म्हणाल्या. "चाळीस वर्षांत आजच कळलं!" पण त्यांचा आवाज भरून आला होता आणि कोणी हसलं नाही.

मास्तर पलीकडच्या जागेकडे वळले. तिथे शाळेच्या मुलांना ने-आण करणारी एक व्हॅन उभी होती. मागच्या दिव्यांची वायर उंदरांनी कुरतडली होती, ती मास्तरांनी एकट्याने नव्याने ओढली होती. जॉब कार्ड वायपरला अडकवलेलं, आणि 'पास'च्या चौकटीत त्यांची सही.

"ही मी सोमवारी बंद केली," ते म्हणाले. "तीन वाजता ड्रायव्हर न्यायला येईल. सोमवारचं मला काय आठवतं ते तू बघितलंसच. तपास. जे असेल ते माझ्या तोंडावर सांग. काकूला नाही. मला."

ते व्हॅनमध्ये ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसले, पाठ सरळ, दोन्ही हात स्टिअरिंगवर. डिंकी मागे उभी राहिली. पार्किंगचे दिवे, ठीक. डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, ठीक. रिव्हर्सचा दिवा, ठीक. प्रत्येक वेळी ती ओरडून सांगत होती आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज मोकळा होत होता. सगळं बरोबर निघावं असं तिला फार वाटत होतं.

"ब्रेक दाबा."

डावीकडचा लाल दिवा लागला. उजवीकडचा लागला नाही.

"दाबलाय का?"

"दाबलाय. लागले?"

तिने स्क्रू काढून उजव्या दिव्याची काच उतरवली. नवी वायर इथपर्यंत सुंदर आणली होती, टेप एकसारखा गुंडाळलेला, दोऱ्याची गाठ मारून पत्र्याला बांधलेली, नवशिक्याला नमुना म्हणून दाखवावं असं काम. फक्त ब्रेकच्या दिव्याची वायर होल्डरला जोडलेलीच नव्हती. तिचं टोक नीट सोलून ठेवलं होतं. टोक होल्डरमध्ये सरकवायला पाच सेकंद पुरले असते. पाच सेकंदांत ती म्हणाली असती, लागले काका, दोन्ही लागले. तिची बोटं वायरीपर्यंत गेलीसुद्धा.

"डिंकी? लागले का?"

तिने हात मागे घेतला.

"नाही," ती म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा म्हणाली, "नाही काका. उजवा लागत नाहीये. वायर तुम्ही बांधलीत, पण जोडायची राहिलीय."

डावीकडचा दिवाही विझला. मग दार उघडलं. मास्तर मागे आले, वाकले आणि त्या सोललेल्या टोकाकडे बघत राहिले. अंगठ्याने टेप चाचपला. पोरं बसलेली व्हॅन रस्त्यात ब्रेक मारते आणि मागच्याला अर्धंच दिसतं, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"गाठ माझीच आहे," ते म्हणाले.

"हो."

"जोड."

तिने जोडलं. ते पुन्हा पुढे जाऊन बसले, ब्रेक दाबला आणि दोन्ही दिवे लागले. परत येताना त्यांनी वायपरखालचं कार्ड आणि खिशातलं पेन आणलं.

"माझी सही खोड आणि तुझी कर."

"तुम्ही खोडा ना, काका."

"नको. मी खोडली तर संध्याकाळपर्यंत विसरीन. उद्या म्हणेन, माझी सही कोणी खोडली, आणि अख्खं वर्कशॉप डोक्यावर घेईन. तू खोड, म्हणजे मला सांगायला तू असशील."

डिंकीने व्हॅनच्या मागच्या दारावर कार्ड टेकवलं. काकांच्या सहीवरून एक रेघ मारली आणि खाली आपलं नाव लिहिलं. अकरा वर्षं तिने या घटकेची वाट पाहिली होती. आता ते नाव तिथे असू नये असं तिला वाटत होतं.

"माझ्या प्रत्येक गाडीवर हेच," मास्तर म्हणाले. "उद्यापासून नाही. आजपासून."

"हो."

"मी चिडलो तरी?"

"तरी सांगीन."

"आणि एखाद्या दिवशी म्हणालो, की ही कोण बाई, ही माझ्या कामात का हात घालते, तर?"

तिने पेन त्यांच्या खिशात परत ठेवलं.

"तेव्हाही सांगीन, काका," ती म्हणाली, आणि डोळे पुसायचीही उसंत न घेता व्हॅनच्या दिव्याची काच धरून एकेक स्क्रू आवळू लागली.